ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही

रक्तपेढीत काम करणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी प्रश्न विचारला आहे. महिन्याभराने त्यांना सुमारे २०० लोकांसमोर रक्तदानाविषयी २० मिनिटे बोलायचे आहे. विषय त्यांच्या रोजच्या कामातला आहे आणि भाषण लिहूनही झाले आहे. परंतु ते मोठ्याने वाचले की निर्जीव वाटते, पाठ करावे तर मध्येच विसरण्याची धास्ती वाटते, आणि काहीच न लिहिता उभे राहण्याचा धीर होत नाही. तयारी नेमकी कशी करावी, असे त्या विचारतात. गेली २५ वर्षे मी स्वतः भाषणे करत आलो आहे आणि इतरांकडून त्यांची तयारी करून घेत आलो आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

डॉक्टर, तुमच्या अडचणीचे मूळ त्या लिखाणातच आहे असे मला वाटते. तुम्ही एक चांगला निबंध लिहिला आहे आणि तो भाषण म्हणून वाचून पाहत आहात. वाचकाला एखादे वाक्य कळले नाही तर तो थांबतो, मागे जातो, पुन्हा वाचतो, कंटाळा आला तर दोन पाने सोडून पुढे जातो. श्रोत्याला यांपैकी काहीही करता येत नाही. तुम्ही ज्या वेगाने बोलाल त्याच वेगाने, तुम्ही ठरवलेल्या क्रमाने आणि एकदाच त्याला ते ऐकावे लागते. एका वाक्यापाशी तो अडला की पुढची तीन वाक्ये त्याच्या हातून निसटतात, आणि ती निसटली हे तुम्हाला व्यासपीठावरून कळतही नाही. काय ठेवावे, काय गाळावे, वाक्य केवढे असावे, कोठे थांबावे, टिपण कसे करावे, हे जवळजवळ सगळे निर्णय या एका गोष्टीवरून घेता येतात. पुढे जे सांगतो आहे त्याचा पाया हाच आहे.

लिहिलेले सध्या बाजूला ठेवा आणि आधी श्रोत्यांची विचारपूस करा. आयोजकांना विचारा की ऐकणारे कोण आहेत, ते स्वतःहून येणार आहेत की त्यांना आणून बसवले जाणार आहे, तुमच्या आधी कोण बोलणार आहे, सभागृह केवढे आहे, माइक उभा आहे की हातात धरायचा आहे. प्रश्न किरकोळ वाटतात, पण त्यांच्या उत्तरांनी भाषण बदलते. शक्य झाल्यास होणाऱ्या श्रोत्यांपैकी तिघाचौघांशी प्रत्यक्ष बोलून घ्या. ‘तुम्ही कधी रक्त दिले आहे का?’ यापेक्षा ‘दिले नसेल तर का दिले नाही?’ या प्रश्नाचे उत्तर तुमच्या अधिक कामाचे आहे. एकाला सुईची भीती वाटत असेल, दुसऱ्याला अशक्तपणा येईल असे वाटत असेल, तिसऱ्याला आजवर कोणी विचारलेच नसेल. ज्या सभागृहात बहुतेकांना कोणी विचारलेच नाही, तेथे सुईची भीती घालवण्यात दहा मिनिटे खर्च करणे म्हणजे नसलेल्या दुखण्यावर औषध देणे होय.

त्यानंतर एकच वाक्य लिहायचे. या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला लावतो, आणि लोक येथेच सर्वांत जास्त घाई करतात. ‘रक्तदानाचे महत्त्व’ हा विषय झाला, विधान नव्हे. विधान असे असावे की ते ऐकून एखाद्याला ‘कसे काय?’ असे विचारावेसे वाटेल. तुमच्या कामातलीच एक गोष्ट घ्या. रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी, साधारण ५ दिवस टिकतात. तांबड्या पेशी थंडाव्यात नीट ठेवल्या तरी ४२ दिवसांपलीकडे वापरत नाहीत. यातून असे विधान निघते: ‘रक्त फार दिवस साठवून ठेवता येत नाही, म्हणून एकाच दिवशी हजारांनी येण्यापेक्षा वर्षभर थोड्याथोड्यांनी येत राहणे रुग्णांना अधिक उपयोगी पडते.’ हे वाक्य हाती आले की तुमच्यापाशी एक चाळणी तयार झाली. प्रत्येक उदाहरण, आकडा आणि आठवण तिच्यातून जाऊ द्या. या विधानाला जे आधार देत नाही ते कितीही सुंदर असले तरी या भाषणातले नाही.

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्ग येथे, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या अर्पण समारंभात, एडवर्ड एव्हरेट हे त्या काळचे नामवंत वक्ते सुमारे दोन तास बोलले, आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन दोन-तीन मिनिटे बोलले. त्यांच्या भाषणात जेमतेम २७० शब्द होते. दुसऱ्याच दिवशी एव्हरेट यांनी लिंकन यांना पत्र पाठवले. त्या प्रसंगाच्या मध्यवर्ती कल्पनेच्या जितके जवळ तुम्ही दोन मिनिटांत पोचलात तितके जवळ मी दोन तासांत पोचलो असे मला मानता आले तर आनंद वाटेल, अशा आशयाचे ते पत्र होते. भाषण आटोपशीर असावे हे पटवण्यासाठी ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. मला मात्र तिच्यातला ‘मध्यवर्ती कल्पना’ हा शब्दप्रयोग मोलाचा वाटतो. आयुष्यभर व्यासपीठावर वावरलेल्या माणसाने त्या दिवशी दोन्ही भाषणे मोजली ती मिनिटांनी नाही, तर त्या कल्पनेपासूनच्या अंतराने.

तुम्ही पाठवलेल्या पहिल्या दोन पानांत कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध कसा प्रसिद्ध केला, १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक कसे मिळाले आणि १४ जून हा त्यांचा जन्मदिवस जागतिक रक्तदाता दिन म्हणून कसा पाळला जातो, हे सारे आहे. माहिती अचूक आहे आणि तुम्ही ती मनापासून लिहिली आहे. तरीही ती दोन पाने काढावीत असे मी सुचवतो, कारण वरच्या विधानाला त्यांतील एकाही ओळीचा आधार मिळत नाही, आणि नमनालाच घडाभर तेल गेले की श्रोत्यांचे सर्वांत ताजे लक्ष वाया जाते. गाळलेला मजकूर फेकून देऊ नका. प्रश्नोत्तरांत तो कामी येतो. शिवाय जेवढे सांगतो त्याच्या दहापट ज्याला ठाऊक आहे, त्याच्या बोलण्यातली निश्चिंती ऐकणाऱ्याला जाणवते.

जाणकार वक्त्याची एक खास अडचण असते आणि तीही येथेच सांगायला हवी. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी सर्वपरिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द, वाद्ये असे संपूर्ण गाणे चाललेले असते आणि समोरच्याला केवळ टकटक ऐकू येते. ‘रक्ताचे घटक वेगळे केले जातात’ असे तुम्ही म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे पिशवी असते, गरगर फिरणारे यंत्र असते, तळाशी बसलेल्या तांबड्या पेशी आणि वर तरंगणारा पिवळसर प्लाझ्मा असतो. श्रोत्याला पाच शब्द ऐकू येतात. तुमच्या क्षेत्राशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला समोर बसवून भाषणाचा तो भाग सांगावा आणि ‘आता तुम्हाला जे कळले ते मला सांगा’ असे म्हणावे, याहून चांगला उपाय मला माहीत नाही. ‘कळले का?’ असे मात्र विचारू नका. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात.

रचनेकडे वळतो. २० मिनिटांत तीन मुद्दे पुरतात, चौथ्याला जागा नसते. कागदावर मुद्दे वेगळे दिसावेत म्हणून परिच्छेद असतात, ठळक शीर्षके असतात. बोलताना हे काम आवाजाला आणि वाक्यांना करावे लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेले भाषण या दृष्टीने जरूर पाहावे. लोकशाही नुसती नावाला न राहता प्रत्यक्षात टिकावी यासाठी काय करावे लागेल, हे सांगताना त्यांनी पहिली गोष्ट, दुसरी गोष्ट, तिसरी गोष्ट असे उघडपणे उच्चारले: घटनात्मक मार्ग सोडू नयेत, कोणी कितीही थोर असला तरी व्यक्तिपूजेच्या आहारी जाऊ नये, आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान न मानता सामाजिक लोकशाही आणावी. विचार अतिशय खोल आहेत, पण आपण कितव्या पायरीवर उभे आहोत हे ऐकणाऱ्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असते. अशी मोजदाद शाळकरी वाटेल म्हणून पुष्कळ वक्ते ती टाळतात. ती टाळू नये. ‘रक्त किती दिवस टिकते हे आपण पाहिले; आता ते कोणाला आणि कधी लागते ते पाहू’ असे एक वाक्य दोन मुद्द्यांच्या मध्ये टाकले की ज्याचे लक्ष मध्यंतरी भरकटले होते त्यालाही परत येता येते. लक्ष सर्वांचेच भरकटते, सर्वांत उत्सुक श्रोत्याचेही; त्याला परतीची वाट ठेवणे हे वक्त्याचे काम आहे.

भाषेविषयी मी अधिक सविस्तर बोलणार आहे, कारण तुमचे भाषण निर्जीव वाटते ते येथे. तुमच्या लिखाणात असे वाक्य आहे: ‘रक्तघटकांच्या मर्यादित साठवणक्षमतेच्या पार्श्वभूमीवर रक्तदात्यांच्या सातत्यपूर्ण उपलब्धतेची नितांत आवश्यकता अधोरेखित होते.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. आता हे पाहा: ‘आज कोणीतरी रक्त दिले. त्यातल्या प्लेटलेट पाच दिवस टिकतील. सहाव्या दिवशी त्या टाकून द्याव्या लागतील. आणि सहाव्या दिवशी जो रुग्ण येईल, त्यालाही प्लेटलेट लागतीलच.’ आशय तोच आहे, शब्द दुपटीहून जास्त लागले आहेत, पण ऐकणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट उचलावी लागते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, हे भाषण लिहिताना सतत ध्यानात ठेवावे. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तीन विशेषणे आणि दोन पोटवाक्ये बसवली की श्रोत्याला ते सर्व ओझे क्रियापद येईपर्यंत डोक्यावर धरून उभे राहावे लागते. कागदावर असे वाक्य शोभते. मी स्वतः या उत्तरात अशी वाक्ये लिहितो आहे. व्यासपीठावर त्यांचे तुकडे करावेत.

सर्वनामांबाबतही तसेच. ‘ते’, ‘त्यामुळे’, ‘यातून’ हे शब्द कशाला उद्देशून आहेत हे वाचकाला मागच्या ओळीत सापडते, श्रोत्याला सापडत नाही. तेव्हा नाम पुन्हा उच्चारा. लेखनात पुनरुक्ती दोष मानली जाते. बोलण्यात महत्त्वाचा शब्द पुन्हा पुन्हा येणे ही ऐकणाऱ्याची सोय असते. आकडे मोजकेच असावेत. एका मुद्द्याला एक आकडा पुरे, आणि तो हाताळता येईल असा हवा. ‘४५० मिलिलिटर’ ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. ‘दोन पेल्यांहून जास्त नाही’ म्हटले की राहते.

हे सगळे साधण्याचा माझा मार्ग असा आहे की भाषण आधी बोलायचे आणि मग लिहायचे. ते एक विधान आणि तीन मुद्दे एवढाच कागद समोर ठेवून, एखाद्या ओळखीच्या माणसाला समजावून सांगत असल्यासारखे मोठ्याने बोला आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. ते ओबडधोबड असेल, मुद्दे मागेपुढे होतील. नंतर ते ऐकून लिहून काढा आणि मग दुरुस्त करा. असे लिहिलेले भाषण तुमच्या श्वासाच्या लांबीचे असते. टेबलाशी बसून लिहिलेले भाषण तुमच्या विचारांच्या लांबीचे असते, आणि विचार श्वासापेक्षा लांब असतो.

सुरुवात आणि शेवट यांचे नेमके शब्द मात्र ठरवून ठेवावेत आणि ही चार-पाच वाक्ये तोंडपाठच करावीत. आभार आणि अभिवादन थोडक्यात आटोपून थेट मुद्द्याला हात घालावा. ‘मी काही वक्ता नाही’, ‘ऐन वेळी सांगितल्यामुळे तयारी करता आली नाही’ अशी वाक्ये नम्रतेपोटी येतात, पण ऐकणाऱ्याला त्यांतून एवढेच कळते की पुढची २० मिनिटे फारशी महत्त्वाची नाहीत. सुरुवातीला एखादा घडलेला प्रसंग सांगणार असाल तर तो खरा असावा आणि रुग्णाची ओळख पटेल असे काहीही त्यात नसावे. शेवटी श्रोत्यांनी नेमके काय करावे ते एका वाक्यात, तारीख आणि ठिकाण यांसह सांगा. ‘आपण सर्वांनी रक्तदान करू या’ याने टाळ्या मिळतात; ‘दाराजवळच्या टेबलावर वही आहे, तुम्हाला सोयीचा महिना तिच्यात लिहून जा’ याने वही भरते.

आता पाठांतराची धास्ती. ती निराधार नाही. २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटिश संसदेत विन्स्टन चर्चिल पाठ केलेले भाषण करत होते. पाऊण तास उत्तम चालले आणि मग अचानक पुढचे शब्द आठवेनात. त्यांनी कागद चाचपले, शोधाशोध केली, आणि सभागृहाने ऐकून घेतले याबद्दल आभार मानून ते खाली बसले. त्यानंतर ते भरगच्च टिपणे जवळ बाळगल्याशिवाय बोलत नसत. ही टिपणे टंकलिखित असत आणि त्यांतल्या ओळी कवितेसारख्या तोडलेल्या असत, म्हणजे एका श्वासात जेवढे बोलायचे तेवढीच एक ओळ. शब्दशः पाठांतर हे एका धाग्यात ओवलेल्या मण्यांसारखे असते. एक तुटला की सगळे ओघळतात. म्हणून पाठ करायचा तो क्रम. पहिल्या मुद्द्यावरून दुसऱ्यावर का जायचे याचे कारण ज्याला ठाऊक आहे, त्याला शब्द आठवावे लागत नाहीत.

तुमच्यासाठी हाताच्या पंजाएवढी चार-पाच कार्डे पुरेत. एका बाजूलाच, मोठ्या अक्षरात लिहा. प्रत्येक कार्डावर मुद्द्याचे एक छोटे वाक्य, त्याखाली उदाहरणाची खूण म्हणून दोन शब्द, लागणारा आकडा आणि पुढच्या मुद्द्याकडे नेणारे वाक्य असावे. कार्डांवर क्रमांक घाला आणि कोपऱ्यात तोपर्यंत किती मिनिटे झालेली असावीत तेही लिहा. हरवलात तर थांबा, कार्ड पाहा, मग मान वर करून बोला. खाली पाहत बोलणे आणि खाली पाहून मग बोलणे या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. दुसरी कोणालाही खटकत नाही.

तालीम उभे राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करायची. मनातल्या मनात वाचणे ही तालीम नव्हे, कारण मनातल्या बोलण्याला श्वास लागत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्मृतीवरचे जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत हे दिसून आले होते की एकाच बैठकीत खूप वेळा घोकण्यापेक्षा तीच आवर्तने दिवसांवर विभागली तर लक्षात अधिक राहते. तेव्हा आदल्या रात्री दहा वेळा म्हणण्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात रोज एकदा म्हणावे. प्रत्येक वेळी शब्द थोडे वेगळे येतील, येऊ द्या. त्यातल्या चांगल्या शब्दांची वही करा. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणातला ‘माझे एक स्वप्न आहे’ हा जो भाग जगाला ठाऊक आहे, तो त्या दिवशीच्या लिखित मजकुरात नव्हता. पण तो ऐन वेळी सुचलेलाही नव्हता. तीच कल्पना त्यांनी आधीच्या भाषणांत मांडली होती, त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉइट येथेही. ज्याला आपण उत्स्फूर्तता म्हणतो ती पुष्कळदा अशी मुरलेली असते.

तालमीत भाषण १७ मिनिटांत बसले पाहिजे, कारण प्रत्यक्षात ते लांबते. मराठीत मिनिटाला १०० ते १२० शब्द हा वेग मला सोयीचा वाटत आला आहे, परंतु तुमचा वेग तुम्हीच मोजा. कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि १२ मिनिटेच मिळाली तर कोणते कार्ड बाजूला ठेवायचे, हे आधीच ठरवून ठेवा. तोच मजकूर भरभर बोलून संपवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. एक संपूर्ण मुद्दा गाळला तर ते कोणाला कळतही नाही, घाई मात्र सर्वांना कळते.

भीतीबद्दल थोडे. बोलायला उठताना छातीत धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात. शरीर धोक्याला सामोरे जाण्याची तयारी करत असते आणि ॲड्रेनलिन या संप्रेरकाचे हे काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मी एवढेच सांगेन की ते बाहेर जितके दिसते असे वक्त्याला वाटते तितके दिसत नाही. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळले की आपली घालमेल लोकांना जाणवते आहे असा वक्त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त असतो, आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये दाखवले की ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली. धडधड थांबवण्यापेक्षा तिला दुसरे नाव देणे सोपे असते. बोलायला उठण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब ठेवा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, त्याचा लाभ मिळतो. आणि व्यासपीठावर पोचल्यावर लगेच तोंड उघडू नका. पाय स्थिर करा, कार्डे ठेवा, समोर पाहा, एक श्वास घ्या, मग बोला. ते चार सेकंद तुम्हाला चार मिनिटांसारखे वाटतील, श्रोत्यांना ते फक्त शांतपणाचे वाटतील.

आवाजासाठी पाणी दिवसभर आधीपासून प्यावे लागते, कारण गिळलेले पाणी अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंना ते थेट स्पर्श करत नाही. घसा सारखा खाकरू नये. त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. माइक आपल्या तोंडासमोर अगदी सरळ न धरता किंचित बाजूला आणि साधारण मुठीएवढ्या अंतरावर ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ या अक्षरांचा श्वास त्यावर आदळून फटफट होणार नाही. श्रोते येण्याआधी सभागृहात जाऊन एकदा बोलून पाहा आणि कोणाला तरी शेवटच्या रांगेत बसवा. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो, भरलेल्या सभागृहात माणसे तो शोषून घेतात. घुमणारी जागा असेल तर वेग आणखी कमी करा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाक्याचा शेवट गिळू नका. आपल्या क्रियापदांत ‘आहे’ की ‘नाही’ हे शेवटीच ठरते, आणि दमलेला वक्ता नेमका तेथेच आवाज खाली सोडतो.

विराम हे तुमच्या हातातले सर्वांत प्रभावी साधन आहे. महत्त्वाच्या वाक्यानंतर दोन सेकंद थांबलात तर पान उलटून मागे न जाऊ शकणाऱ्या श्रोत्याला ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून घेण्याची संधी मिळते. दोन वाक्यांमधल्या जागेत ‘म्हणजे’, ‘तर’, ‘अं’ असे काही भरण्याची सवय असेल तर ती तालमीचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कळते. ते आवाज काढून टाकले की तेथे आपोआप विराम उरतो.

देहबोलीविषयी एक गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. भाषणाच्या परिणामात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के असतो, असे कित्येक प्रशिक्षण वर्गांत सांगितले जाते. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून आले आहेत, आणि ते प्रयोग भावना व आवडनिवड व्यक्त करणाऱ्या सुट्या शब्दांपुरते होते. शब्द एक सांगतात आणि आवाज दुसरेच सांगतो, तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो एवढाच तो प्रश्न होता. कोणत्याही भाषणाला हे प्रमाण लागू नाही, असे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केले आहे. या आकड्यांवर विसंबून माणसे हातवाऱ्यांचा सराव करतात आणि मजकूर कच्चा ठेवतात, याचे मला फार वाईट वाटते. हातांविषयी माझी सूचना एवढीच, की ते मोकळे ठेवा. नजर मात्र जाणीवपूर्वक वापरा: एक पूर्ण विचार एका माणसाकडे पाहून संपवा, मग पुढचा विचार सभागृहाच्या दुसऱ्या भागातल्या माणसाकडे पाहून.

स्लाइड लागतीलच असे नाही. वापरल्यात तर चित्र किंवा एक आकडा ठेवा. परिच्छेद ठेवलात तर लोक वाचू लागतील, आणि वाचणे व ऐकणे ही दोन्ही कामे शब्दांचीच असल्याने ती एकाच वेळी नीट होत नाहीत.

प्रश्नोत्तरांसाठी सर्वांत अवघड वाटणारे दहा प्रश्न लिहून त्यांची उत्तरे प्रत्येकी तीन वाक्यांत बोलून पाहा. प्रश्न आला की तो सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा उच्चारा. तेवढ्यात तुम्हालाही विचार करायला अवधी मिळतो. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा आणि ते कधी, कसे कळवाल हेही सांगा. प्रश्नांनंतर तुमचे शेवटचे वाक्य पुन्हा एकदा म्हणा, म्हणजे लोक एखाद्या किरकोळ शंकेचे उत्तर कानात घेऊन उठणार नाहीत.

भाषण झाल्यावर लोक ‘छान झाले’ म्हणतील. त्याचा आनंद जरूर घ्या, पण दोन दिवसांनी श्रोत्यांपैकी तिघांना गाठून ‘मी काय सांगितले, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?’ असे विचारा आणि ते जे सांगतील ते न सुधारता लिहून घ्या. मग ते कागद तुम्ही पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या त्या एका वाक्याशेजारी ठेवा. भाषणाचेही ध्वनिमुद्रण करून ठेवले असेल, तर जेथे फरक दिसेल तेथला भाग काढून पुन्हा ऐका. त्या मिनिटात तुम्ही घाईत होता, की वाक्य लांबले होते, की दोन मुद्दे एकमेकांत मिसळले होते, ते तेथे सापडेल.